वेनशायरचा पाचवा पाय

दर वर्षी मे महिन्यातल्या एका सकाळी ऑब्रे टिल्कॉटच्या घरापुढे परक्या सत्तेचा झेंडा फडकायचा, आणि तो फडकवणारी त्याची स्वतःची बायको असायची.

बेरिल शेजारच्या मार्लशायरची. लग्न होऊन आमच्या थॉर्नवेलला आली त्याला पस्तीसेक वर्षं झाली, पण माहेर काही सुटलं नव्हतं. आता मार्लशायर ही एक काउंटी, म्हणजे जिल्हा, आणि आमचं वेनशायर ही दुसरी काउंटी, मध्ये एक ओढा. पण मार्लशायरला झेंडा आहे. निळ्या रंगावर तीन चंदेरी हंस, माना अशा काही डौलात वळवलेल्या की बघत राहावं. मार्लशायर-दिनाला बेरिल तो झेंडा इस्त्री करून बागेतल्या खांबावर चढवायची आणि मग पायरीवर उभी राहून, त्याच्याकडे बघत बघत, चहा प्यायची. ऑब्रे त्या दिवशी मागच्या दारानं ये-जा करायचा.

वेनशायरला झेंडाच नव्हता. आमची काउंटी एवढीशी, की नकाशावर दाखवायला बोट ठेवलं तर बोटाखाली सगळी झाकली जाते. झेंडा नाही याचं आम्हाला कधी काही वाटलं नव्हतं. पण एका मे महिन्यात शेजारच्या पेनीफादरनं कुंपणावरून डोकं काढलं. या पेनीफादरचं आणि ऑब्रेचं कुंपण वीस वर्षं सामाईक आहे, आणि अजून दोघं एकमेकांना अहो-जाहो करतात. आमच्याकडे दोन पुरुषांत लगट म्हणजे गावंढळपणा.

"मिस्टर टिल्कॉट," तो म्हणाला, "मिसेसच्या माहेरचा झेंडा दर वर्षी बघतो. छान आहे. सासरचा कुठे असतो हो?"

हा प्रश्न त्यानं कुंपणापाशी विचारला तिथवर ठीक होतं. संध्याकाळी त्यानं तो दारूच्या गुत्त्यात, चार माणसांसमोर, पुन्हा विचारला. ऑब्रेच्या पोटात तोवर दोन ग्लास बिअर गेली होती. "जुलैतल्या वेनशायर-दिनाला या चौकात वेनशायरचा झेंडा लागेल," तो म्हणाला, "आणि तो मी लावीन." असं बोलून टाकलेलं सकाळी परत घेता येत नाही. आमच्या गावात माणसाचं मृत्युपत्र हरवेल, पण गुत्त्यातला शब्द हरवत नाही.

बेरिलला कळलं तेव्हा ती भांडी पुसत होती. "आण की झेंडा," ती म्हणाली. "शेडचं छप्पर आणणार होतास तसाच."

बेरिलचं एक सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम आहे. आमच्या बाजूला कोणी कुणाला तोंडावर खरं बोलत नाही. तुमच्या घराचा नवा रंग पाहून कोणी 'वेगळाच आहे हं' म्हणालं, तर समजावं की पडदे लावून घरात बसायची वेळ आली. 'धाडस केलंत' म्हणालं तर रंगाऱ्याला परत बोलवावं. बेरिल मात्र नवऱ्याला जे वाटेल ते सरळ सांगायची. इतरांशी ती आमच्यासारखीच गोड बोलायची, पण ऑब्रेच्या वाट्याला तिनं गोड कधी वाया घालवलं नाही.

ऑब्रे पाणीपुरवठा कचेरीतून निवृत्त झालेला. तिथे तो तक्रार विभागात होता, म्हणजे अठ्ठावीस वर्षं लोकांचं ऐकून घेणं हेच त्याचं काम. तेव्हा कारभार कुठून सुरू करायचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं: फोनपासून. लंडनला काउंट्यांच्या झेंड्यांची नोंद ठेवणारी एक मंडळी आहे. तिथल्या मिस्टर फॅनशॉ नावाच्या गृहस्थांनी, लोण्यासारख्या आवाजात, नियम सांगितले. झेंड्यावरचं चिन्ह त्या मातीतलं हवं, जुन्या ढालींवरून आलेलं असलं तर उत्तम. पण ते कुणाच्या मालकीचं नको. लोकांसमोर किमान तीन नमुने ठेवायचे, मतदान घ्यायचं. आणि एकदा नोंद झाली की झाली, त्यात काडीचाही बदल नाही.

"सोपं आहे," ऑब्रे म्हणाला.

"सगळ्यांनाच तसं वाटतं," मिस्टर फॅनशॉ म्हणाले, आणि फार प्रेमळपणे हसले.

पहिली ठेच मालकीची लागली. आमच्या खोऱ्यात बघाल तिकडे ढाली आहेत. चर्चच्या काचांवर ढाली, पुलाच्या कठड्यावर ढाली, गुत्त्याच्या पाटीवरसुद्धा ढाल. ऑब्रेला वाटलं, यातली एक उचलावी. पण इंग्लंडात ढालीवरचं चिन्ह गावाचं नसतं, माणसाचं असतं. सातशे वर्षांपूर्वी कुण्या दांडगटानं लढाईत ओळख पटावी म्हणून सिंह रंगवला, तर तो सिंह आजही त्याच्या खापरपणतवाचा. सगळ्यात देखणं चिन्ह लॉर्ड हॅव्हरसेजच्या घराण्याचं. ऑब्रे कोट घालून त्यांच्या वाड्यावर गेला. लॉर्डसाहेबांच्या कारभाऱ्यानं चहा दिला, बरोबर काकडीचे सँडविच दिले, आणि म्हणाला, "आमच्या घराण्याला याहून मोठा आनंद कुठला. खरोखर, कल्पनाच किती सुंदर आहे. आपण याविषयी कधीतरी निवांत बोलायलाच हवं." ऑब्रे तरंगत घरी आला. कारभाऱ्यानं नाही म्हटलं होतं हे त्याच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले, तेही बेरिलनं सांगितलं तेव्हा.

मग काउंटी कौन्सिल. कौन्सिलचं स्वतःचं चिन्ह आहे, पण ते वापरायचा हक्क कौन्सिललाच. सामान्य माणसाला वापरू द्यायचं तर ठराव हवा. ठराव करणारी समिती सप्टेंबरात बसणार. आणि खर्चकपातीत ती समिती ऑगस्टमध्ये बरखास्त होणार. खिडकीतली बाई हे सगळं इतक्या दिलगिरीनं सांगत होती की शेवटी ऑब्रेनंच तिची समजूत घातली.

या वेळी मिस क्रॅबट्री मदतीला आल्या. या आमच्या शाळेच्या निवृत्त बाई. उंच, सडसडीत, आणि ढालींच्या शास्त्रात बुडालेल्या. त्यांनी शोधून काढलं की वेन नदीकाठच्या सगळ्या जुन्या, निर्वंश झालेल्या घराण्यांच्या ढालींवर कुठे ना कुठे बगळा आहे. कुणाच्या शिरस्त्राणावर, कुणाच्या कोपऱ्यात, कुणाचा तर नुसता पाय. बगळा सगळ्यांचा, म्हणून कुणा एकाचा नाही. बाईंनी नमुना काढला: हिरव्या रंगावर चंदेरी बगळा, खाली नदीची एक नागमोडी पांढरी रेघ. त्यांनी ऑब्रेला शास्त्राचं सोवळंही समजावलं. सोनेरी-चंदेरी, म्हणजे पिवळा-पांढरा, हे धातू; लाल-निळा-हिरवा-जांभळा हे रंग. धातूवर धातू चालत नाही, रंगावर रंग चालत नाही, लांबून दिसत नाही.

ऑब्रेनं तो बगळा पाहिला आणि त्याला भरून आलं. हा झेंडा हंसांच्या शेजारी मान वर करून उभा राहिला असता. पुढच्या दारानं बाहेर पडता आलं असतं.

दुसरा नमुना पेनीफादरनं दिला, कुणी मागितला नसताना. त्यात नदी होती, पूल होता, मेंढी होती, चीज होतं, चर्चचा मनोरा होता, आणि कोपऱ्यात पेनीफादरला बक्षीस मिळालेलं डेलियाचं फूल. "सगळ्यांना न्याय द्यायला हवा," तो म्हणाला. झेंडा कसला, किराणा मालाची पिशवी होती ती.

राहिला तिसरा. नियम म्हणजे नियम, तीन नमुने हवेत, आणि शनिवारी मतदान. तिसरा कुणी देईना. तेव्हा ऑब्रेनं ठरवलं, आपणच काहीतरी खरडून द्यावं. हरायला एक नमुना लागतो, तो आपला. लग्नात मुलीशेजारी उभं राहायला एखादी बेताची चुलत बहीण लागते, तसं.

आमच्या बाजारकट्ट्याच्या कमानीवर एक दगडी ढाल आहे. तिच्यावर एक जनावर आहे. कुठलं, ते विचारू नका. पाचशे वर्षांच्या पावसानं त्याचं नाक नेलं, बाजारकऱ्यांनी पालांचे दोर त्याच्या मानेला बांधून बांधून आयाळ नेली. काही जण सिंह म्हणतात, खाटीक त्याला डुक्कर म्हणतो, चर्चच्या पाद्रीणबाई कोकरू म्हणतात, आणि यावरून आमच्याकडे दोन सोयरिका मोडल्या आहेत. ऑब्रे शिडी घेऊन गेला, ढालीवर कागद धरला आणि मेणखडू घासून ठसा घेऊ लागला. हा आमच्याकडचा जुना छंद आहे. पावसाळी सुटीत लोक चर्चमध्ये जाऊन पितळी पाट्यांचे असे ठसे घेतात. पण त्या दिवशी वारा होता. कागद मध्येच सरकला. ऑब्रेनं तो पुन्हा बसवला आणि घासत राहिला. घरी येऊन टेबलावर पसरला तेव्हा जनावराला पाच पाय झाले होते.

बेरिलनं चष्मा लावून पाहिलं. "पाच आहेत," ती म्हणाली.

"माहीत आहे मला. हरायचंच तर आहे."

शेडमध्ये उरलेले दोन रंग होते, राईसारखा पिवळा आणि जांभळ्यासारखा एक, त्यातच त्यानं ते रंगवून टाकलं. पिवळ्या पाठीवर जांभळं जनावर, पाच आखूड पाय, पोट मोठं, चेहऱ्यावर कुणीतरी नुकतीच हाक मारल्यासारखा भाव. योगायोगानं सोवळं तेवढं पाळलं गेलं होतं.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मतदान झालं. तीन नमुने भिंतीवर, प्रत्येकाखाली काढणाऱ्याचं नाव, आणि मतपेटी म्हणून बिस्किटांचा मोठा डबा. लोकांनी यावं म्हणून चहा फुकट ठेवला होता. चहा द्यायला कुणी मिळेना, म्हणून डब्याशेजारी चहाचं भांडं घेऊन ऑब्रे स्वतः उभा राहिला.

इथे सगळा घात झाला. आता तुम्हीच सांगा, एखादा माणूस महिनाभर राबलाय, कपाळावर घाम आहे, तुमच्या हातात तो दुधाचा चहा देतोय, आणि त्याच्या मागे भिंतीवर त्याचं पाच पायांचं लेकरू टांगलंय. लोकांना गलबलून आलं. प्रत्येकाच्या मनात एकच विचार आला: बिचाऱ्याला एकही मत पडणार नाही, निदान आपलं एक पडू दे, बगळा काय, निवडून येतोच आहे. खाटकानं हाच विचार केला. डॉक्टरांनी केला. पाद्रीणबाईंनी तर डोळे मिटून केला. मिस क्रॅबट्रींचा प्रश्नच नव्हता, स्वतःच्या चित्राला मत देणं हे त्यांच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. आणि पेनीफादरला आपला डेलिया एवढ्या प्रचंड फरकानं जिंकणार याची खात्री होती, की एक मत शेजाऱ्याला द्यायला त्याचं काय जात होतं.

जाता जाता प्रत्येक जण ऑब्रेला म्हणाला, "वेगळंच आहे हं." ऑब्रे मनातून खूश होता. 'वेगळंच' म्हणजे संपलंच.

शेवटी त्यानं स्वतः मत दिलं. अर्थात बगळ्याला.

पाद्रीणबाईंनी मतं मोजली. एकदा मोजली, पाणी प्यायल्या, पुन्हा मोजली. मग त्यांनी जाहीर केलं की सगळीच्या सगळी मतं मिस्टर टिल्कॉट यांच्या नमुन्याला पडली आहेत. फक्त एक मत बगळ्याला.

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या, कारण टाळ्या वाजवण्यावाचून काही करण्यासारखं नव्हतं. टाळ्या वाजवताना प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता, की बाबा, याला हे खरोखर आवडलं? आणि दुसऱ्याला टाळ्या वाजवताना पाहून आपल्या अभिरुचीतच काही खोट असावी, असं समजून आणखी जोरात वाजवत होता. ऑब्रे भांड्याला टेकून उभा होता. त्याचा चेहरा त्या जनावरासारखाच झाला होता.

सोमवारी सकाळी नऊला त्यानं लंडनला फोन लावला. "जरा गोंधळ झालाय. निकाल पुढे ढकलता आला तर—"

"गोंधळ?" मिस्टर फॅनशॉ म्हणाले. "इतकं एकमत आमच्याकडे कधी आलं नव्हतं. तुमच्या पाद्रीणबाईंनी रविवारीच कळवलं. नोंद झालीसुद्धा."

"निदान एक पाय तरी कमी करता येईल का?"

इथे फॅनशॉंनी त्याला आणखी एक शास्त्रार्थ सांगितला. ढालींच्या जगात चित्राला किंमत नाही, शब्दाला आहे. चित्र कुणी जाड काढो, बारीक काढो. वर्णनात जे लिहिलंय ते पाहिजे. आणि वर्णनात आता लिहिलं होतं: पिवळ्यावर एक जांभळा प्राणी, पाच पायांचा. "चार पायांचा काढलात, तर तो वेनशायरचा झेंडाच राहणार नाही," ते म्हणाले. "अभिनंदन."

इथवर जे झालं ते ऑब्रेच्या अब्रूवर निभावलं असतं. पण गावात त्या एका मताची चर्चा सुरू झाली.

बघा हं, ज्यानं त्यानं मनाशी म्हटलं, आपण मन मोठं केलं. नावडती गोष्ट गोड मानून घेतली. आणि गावात एक असा माणूस निघाला, की ज्याला तेवढंही जमलं नाही. लोकांना झेंड्याचा राग काढता येत नव्हता, तो सगळा त्या एका मतावर निघाला. खाटकाच्या दुकानात, टपालाच्या रांगेत, एकच विषय. कोण असेल? मिस क्रॅबट्री नव्हेत, त्या खानदानी. पेनीफादर नव्हे, त्यानं शपथ घेतली. टिल्कॉट तर नव्हेच, तो बिचारा सज्जन, त्यानं मतच दिलं नसणार. मग कुणीतरी, बहुतेक टपालातल्या बाईनं, हळूच म्हटलं, "शेवटी निवडलंन् काय, तर पाखरू. आणि पाखरांचं वेड कुठल्या काउंटीला आहे?"

झालं. मार्लशायरचे हंस आठवायला कुणाला वेळ लागला नाही. पस्तीस वर्षं गावात राहिलेली बेरिल एका दुपारीत परकी झाली.

आमच्याकडे वाळीत टाकणं म्हणजे कुणी बोलायचं बंद होत नाही. उलट लोक जास्त अदबीनं बोलू लागतात. खाटीक तिला 'मिसेस टिल्कॉट' म्हणू लागला, एरवी 'काय गं बेरिल, गुडघा कसाय' म्हणायचा. चर्चमधल्या फुलांच्या पाळीत तिची जागा वेदीवरून दरवाजामागे गेली. रस्त्यात बायका 'कशा आहात?' विचारायच्या आणि उत्तर यायच्या आत पुढे निघालेल्या असायच्या. मग चर्चच्या मदतीसाठी भरणारी घरगुती पदार्थांची विक्री आली. बेरिलचा लिंबाचा केक दर वर्षी टेबलावर ठेवताक्षणी संपतो. या वर्षी तो अख्खाच्या अख्खा घरी परत आला.

तिनं केक स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. टोपी काढली नाही. "सुरीसुद्धा लावली नाही रे कुणी," ती म्हणाली. तिचा आवाज हलला, हे ऑब्रेनं इतक्या वर्षांत दोनदाच ऐकलं होतं, एकदा तिची आई गेली तेव्हा, आणि एकदा त्याच्या ऑपरेशनच्या वेळी.

ऑब्रेनं तीन दिवस तो केक खाल्ला. एकही घास नीट उतरला नाही. सांगावं, तर गावभर तोंड दाखवायला जागा नाही: ज्याच्यावर दया म्हणून अख्ख्या गावानं हे विद्रूप गळ्यात बांधून घेतलं, त्यालाच ते नको होतं. न सांगावं, तर बेरिलचा केक परत येतोय. आणि बेरिल तर काही विचारतही नव्हती. एरवी मोज्याला पडलेल्या भोकावर पंधरा मिनिटं बोलणारी बाई, या बाबतीत गप्प. ऑब्रे रोज सकाळी ठरवायचा, आज सांगतो. रोज नाश्त्याला तोंड उघडायचा, आणि म्हणायचा, "मुरांबा दे."

वेनशायर-दिन उजाडला. चौकात पिवळ्या पताका, बँड, खुर्च्या. झेंडा शिवून आला होता आणि कापडावर तो कागदापेक्षाही वाईट दिसत होता. नगराध्यक्षा मिसेस मॉबर्ली गळ्यातल्या मानाच्या साखळीसकट भाषणाला उभ्या राहिल्या. बेरिल एका कडेला, रिकाम्या खुर्च्यांच्या मध्ये, एकटीच बसली होती. तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्यांवर लोकांना ऊन लागत होतं म्हणे.

ऑब्रेनं दोरी ओढायला सुरुवात केली. झेंडा निम्म्यापर्यंत गेला आणि अडकला. तो ओढतोय, झेंडा हलत नाही. आता निम्म्यावर थांबलेला झेंडा म्हणजे आमच्याकडे कुणीतरी गेल्याची खूण. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी लगबगीनं टोप्या काढल्या. "कोण गेलं हो?" अशी कुजबुज सुरू झाली. बँडवाल्यानं आपल्या समजुतीनं एक संथ, दुःखी चाल धरली. मिसेस मॉबर्लींना मागचं काही दिसत नव्हतं. त्या आपल्या बोलत राहिल्या.

"हा झेंडा आपल्या एकजुटीचा आहे," त्या म्हणत होत्या. "आपल्यातलं एक मत वेगळं पडलं. जे मूळचे आपल्यातले नसतात, त्यांना आपली माया कळायला वेळ लागतो. आपण मोठ्या मनानं त्यांना क्षमा—"

सगळ्या माना बेरिलकडे वळल्या. बेरिल समोर बघत बसली होती. पाठ ताठ, हातात पर्स घट्ट धरलेली.

ऑब्रेनं दोरी सोडली. तो सरळ पुढे गेला आणि त्यानं नगराध्यक्षांच्या हातातला माइक घेतला. आमच्या गावात आजवर कुणी कुणाच्या हातातून काही घेतलेलं नाही, त्यामुळे त्यांनीही तो गोंधळून देऊन टाकला.

"माफ करा," ऑब्रे म्हणाला. "ते मत माझं आहे."

बँड थांबला.

"मला बगळा हवा होता. हे जे वर लटकलंय ते मी हरण्यासाठी काढलं होतं. कागद सरकला म्हणून त्याला पाच पाय आहेत. ते सिंह आहे की डुक्कर, मला माहीत नाही. तुम्ही सगळ्यांनी माझ्यावर दया केलीत, त्याबद्दल आभारी आहे. पण माझ्या बायकोला कुणी क्षमाबिमा करायची नाही. तिनं काही केलेलं नाही. केलंय ते मी, आणि इतके दिवस मी भित्र्यासारखा गप्प बसलो." त्याचे कान लाल झाले होते. "आता ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं मला म्हणावं."

पेनीफादर उठला. "म्हणजे, मिस्टर टिल्कॉट," त्यानं सावकाश विचारलं, "तुम्हालाही ते आवडत नाही?"

"अजिबात नाही."

"देवाची कृपा," पेनीफादर म्हणाला आणि मटकन खाली बसला. "मला रात्री स्वप्नात येतं ते."

"मला वाटलं, फक्त मलाच," डॉक्टर म्हणाले. खाटीक म्हणाला, या जनावराचं तर मांस विकायलाही आपण धजावणार नाही. पाद्रीणबाई म्हणाल्या की त्यांनी याबद्दल प्रार्थनाही केली होती. मिस क्रॅबट्रींनी उभं राहून, आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं की त्यांचा बगळा फार चांगला होता. आणि एकदम सगळा चौक हसायला लागला. जी माणसं चाळीस वर्षं एकमेकांना 'छान' म्हणत आली होती, ती पोट धरून, डोळे पुसत, त्या जनावराला नावं ठेवत होती. कुणी त्याला किटली म्हणालं, कुणी भिजलेलं पोतं. हसता हसता चार जणांनी दोरीला हात घातला, तशी ती मोकळी झाली आणि झेंडा सरसर वर गेला. तेव्हा जो जल्लोष झाला तो मात्र मनापासूनचा होता. झेंडा आता बदलता येणार नव्हताच. पण शिव्या देता येणारी वस्तू आपली वाटायला वेळ लागत नाही.

टपालातल्या बाई बेरिलजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या की आज हवा बरी आहे. आमच्याकडे याला पाया पडून माफी मागणं म्हणतात. बेरिलनं मान डोलावली आणि ती उठून ऑब्रेकडे आली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू चिठ्ठी टाकलीस आणि दोन बिस्किटं उचलल्यासारखं इकडेतिकडे पाहिलंस, तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते. फार वेळ लावलास."

ऑब्रेनं मान खाली घातली. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "पण मग तू मत कुणाला दिलंस?"

"याला." तिनं वर बोट दाखवलं.

"तूसुद्धा कीव केलीस माझी."

"कीव?" बेरिल म्हणाली. "पस्तीस वर्षांत मी तुझी कीव केलेली आठवते का एकदा तरी? मला आवडला तो. रंग घाणेरडे आहेत. पोट सुटलंय. तोंडावर नुसता गोंधळ. पण पाच पाय असूनही पळून न जाता तिथंच उभा आहे. असा एक माझ्या घरी आहे, मला सवय आहे त्याची."

असं काही त्यांच्या घरात कुणी कुणाला म्हटलेलं नव्हतं. ऑब्रेनं भर चौकात, सगळ्या गावादेखत, बायकोचा हात हातात घेतला. आणि आम्ही सगळे जण, माणुसकी म्हणून, ताबडतोब दुसरीकडे बघू लागलो.